वैऱ्याच्या पोरीला दिलेला सल्ला

मेहकरच्या कॉमर्स कॉलेजात रुख्मिणी पहिल्यांदा वर्गात येऊन बसली, त्या दिवशी माणिक अवसरमोलनं हजेरी घेताना तिचं नाव गाळलं. नाव त्याला दिसलं होतं. वडिलांचं नाव दिसलं, गाव जानेफळ दिसलं, आणि तो सरळ पुढच्या नावावर गेला.

हजेरी संपल्यावर ती उभी राहिली. "सर, माझं नाव राह्यलं."

"दिसलं मला. बसा तुम्ही."

वर्गातल्या पोरांना तो अरे-तुरे करायचा, चिडला की "काऊन बे, झोपला काय?" म्हणायचा. या एकाच मुलीला तो 'तुम्ही' म्हणाला आणि पुढे तीन वर्षं म्हणत राहिला. पोरांना वाटायचं, पाटलाची पोरगी म्हणून सर दबून आहेत. खरं तर त्या 'तुम्ही'त मानाचा अंशही नव्हता. बांधावर बाभळीच्या काट्या रचाव्यात तसा तो शब्द त्यानं मध्ये टाकून ठेवला होता.

माणिकही जानेफळचाच. बाप लहानपणीच गेलेला. आई, जनकाबाई, रुख्मिणीच्या बापाच्या, म्हणजे भगवानरावांच्या वावरात निंदायला-वेचायला जायची. सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा माणिक मिसरूड फुटायच्या वयाचा होता. घरातले जुने देव आईनं स्वतःच्या हातानं नदीत सोडले आणि परत येताना त्याला म्हणाली, "आता कोनापुढं हात जोडाचे नाईत. शिक." तो शिकला. औरंगाबादच्या वसतिगृहात राहून बी.कॉम. झाला आणि पुढं मुंबईला गेला. तिथं तेव्हा नुकताच दोन वर्षांचा नवा अभ्यासक्रम निघाला होता, कारखाने आणि कंपन्या कशा चालवायच्या याचा. जनकाबाईला ते काही केल्या पटेना. "आपला धंदा नाई, दुकान नाई, आन् धंदा चालवाचं शिक्षन कायले बाप्पा?"

"दुसऱ्याचा धंदा चालवायचा, माय. त्याचा पगार भेटते."

मुंबईत त्याच्या वर्गात तो तिसरा आला. शेवटच्या महिन्यात कंपन्यांचे साहेब संस्थेत येऊन पोरं निवडायचे. साबणाच्या एका मोठ्या कंपनीचा साहेब फार गोड बोलला. म्हणाला, "अवसरमोल. वेगळंच आडनाव आहे. हे कुठलं?"

"बुलढाणा जिल्हा."

"तसं नाही, म्हणजे..." साहेब तिथंच थांबला आणि हसला. मग वडील काय करायचे ते विचारलं, टेनिस खेळता का ते विचारलं, आणि चहा पिऊन जा म्हणाला. संध्याकाळी फळ्यावर लागलेल्या नावांत माणिक नव्हता. वर्गात शेवटून दुसरा आलेला एक मुलगा होता. त्याच्या मामाकडे इंदूरला त्याच कंपनीच्या मालाची एजन्सी होती. नंतर औषधवाले आले, मग रंगवाले आले. गोडी तीच, चहा तोच. सगळा वर्ग कुठं ना कुठं लागला. माणिक ट्रंक घेऊन नांदुऱ्याच्या स्टेशनावर उतरला आणि एस.टी.नं गावी आला.

त्याच हंगामात भगवानराव अध्यक्ष असलेल्या, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या सहकारी जिनिंग-प्रेसिंगला मॅनेजर हवा होता. जिल्ह्यात या कामाचं शिक्षण घेतलेला दुसरा माणूस नव्हता. इस्त्रीचा सदरा घालून माणिक गेला. भगवानराव जिनच्या आवारात निंबाखाली खाटेवर बसले होते, भोवती हमाल, गाडीवान. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही.

"मॅनेजर म्हंजे साऱ्या सभासदाईच्या घरी उठनं-बसनं आलं, माणक्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पंगतीले जानं आलं. तुले कोन घरात घेईन? तूच सांग."

माणिक सदऱ्याची बाही सरळ करत उभा राहिला.

"शिकला ते बेस केलं. म्या काई वाईट म्हनत नाई. पन आमच्या निवृत्तीले घेतलं आहे त्या जागेवर." निवृत्ती म्हणजे त्यांचा भाचा, बी.कॉम.ला दोनदा आपटलेला. "नव्या प्रेसचं पुस्तक इंग्रजीत आलं आहे. आलाच आहेस तं त्याले जरा समजावून दे. तेवढं कर."

आणि माणिकनं ते केलं. उन्हात उभं राहून, निवृत्तीसमोर ते इंग्रजी पुस्तक उघडून, कुठला खटका आधी दाबायचा नि कुठला मागून, सगळं नीट समजावून दिलं. निवृत्ती सुपारी कातरत ऐकत होता. घरी परत येताना माणिकच्या लक्षात आलं की आपण 'नाही' म्हणू शकलो असतो. भगवानरावांचं बोलणं त्याला जेवढं लागलं, त्याहून हे जास्त लागलं. पुढं कॉलेजात नोकरी मिळाली, लग्न झालं, मेहकरात घर झालं, पण त्या निंबाखालचं ते उभं राहणं त्याच्या पोटातून गेलं नाही.

आणि आता त्याच माणसाची पोरगी पहिल्या बाकावर.

तिला वर्गातून पळवून लावायचा त्यानं प्रयत्न केला, असं म्हटलं तरी चालेल. सगळ्यात अवघड प्रश्न तिला. उत्तर बरोबर आलं तर "हूं" एवढंच. चुकलं तर सगळ्या वर्गासमोर चिरफाड. ती रडली नाही, तक्रार घेऊन बापाकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशी तोच धडा पाठ करून यायची आणि स्वतःहून हात वर करायची. ते पाहून त्याचा राग आणखीच वाढायचा. ती ढ असती, गर्विष्ठ असती, तर सोपं झालं असतं. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा ती कॉलेजात पहिली होती.

निकालानंतर ती प्राध्यापकांच्या खोलीत आली. दुपार होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि दारातच उभी राहिली.

"सर, मला पुढं तुम्ही शिकलात ते शिकायचं आहे. कुठं जाऊ? इथं दुसऱ्या कोणाला माहीत नाही, म्हणून तुम्हाला विचारते."

"तुमचं लग्न ठरलंय ना चिखलीला? ट्रॅक्टरच्या एजन्सीवाल्यांकडं?"

"ते आबांनी ठरवलं आहे. मी विचारून राह्यले ते सांगा."

माणिकनं पेन बंद केलं. पोरीचा हिरमोड करायची आयती संधी चालून आली होती आणि त्यासाठी एक शब्दही खोटा बोलायची गरज नव्हती.

"ऐका मग. अहमदाबादची संस्था देशात सगळ्यात वर. तिथून निघालेला पोरगा पहिल्याच दिवशी साहेब होतो. पण तिथं जाणारी पोरं आधीच अर्धी साहेब असतात. इंग्रजी त्यांच्या घरात बोलतात. तुमचं इंग्रजी पुस्तकातलं आहे. तोंड उघडलं की मेहकर दिसेल. कलकत्त्याची संस्था तेवढीच तोलाची, आकडेमोडीत अहमदाबादहून कडक. तुमचं गणित चांगलं आहे, पण एवढ्या लांब तुम्हाला कोण पाठवतंय? बंगलोरला आत्ता कुठं नवीन निघालीय, तिथल्या पोरांचं काय होतं ते अजून कुणालाच माहीत नाही. नागपूर-पुण्याकडचे संध्याकाळचे डिप्लोमे आहेत; ते नोकरी असलेल्याला बढतीपुरते बरे, नसलेल्याला नोकरी देत नाहीत. राहिली मुंबई. शिकवतात उत्तम. सगळ्या कंपन्यांची ऑफिसं शेजारी, त्यामुळं साहेब लोक येतात आणि पोरं उचलून नेतात."

"मग मुंबई."

"पोरं नेतात म्हणालो. पोरी नाही. मुलीला फिरतीवर पाठवता येत नाही म्हणतात, लग्न झालं की सोडून जाईल म्हणतात. फार तर कामगारांच्या बायकापोरांचं भलं बघायच्या खात्यात एक खुर्ची देतील. आणि मी तिथं तिसरा आलो होतो. मी कुठं बसलोय ते तुम्ही बघताच आहात."

बाहेर शिपाई घंटेखाली पेंगत होता.

"तुमचं जे झालं ते आडनावानं झालं," ती म्हणाली. "आन् आमच्या जिनिंगमंधी जे झालं तेही मले माहीत आहे. निवृत्तीभाऊ अजून हसून सांगतेत." रागावली की तिची कॉलेजातली भाषा गळून पडायची आणि जानेफळची वर यायची. "माहं वेगळं होईन. वाईट झालं तरी वेगळ्या कारनानं होईन. मले परीक्षेची तयारी सांगा आन् शिफारस द्या."

"मी काऊन देऊ?"

"माह्या बापाले झोंबन म्हनून द्या."

माणिकनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, मस्करीही नव्हती.

"तुम्हाले माह्या बापाले डाचवाचं आहे, हो न?"

"हो."

"मले चालते."

त्यानं शिफारस दिली. खरं तेवढंच लिहिलं. एवढ्या हुशार मुलीबद्दल खरं लिहायलाही त्याला जिवावर आलं. मग उन्हाळाभर, कॉलेज बंद असताना, ती आणि प्राचार्य नारायणरावांची मुलगी अशा दोघी ग्रंथालयात बसायच्या आणि माणिक समोर उभा राहून इंग्रजीत उलटसुलट प्रश्न विचारायचा, अगदी त्या साबणवाल्या साहेबासारखे. माणिक आणि रुख्मिणी, दोघांपैकी कुणीही कधी हवापाण्याचं बोललं नाही. तिची मावशी आशाबाई दादरला राहायची. सुट्टीचं निमित्त सांगून रुख्मिणी तिच्याकडं गेली, परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि परत येऊन गप्प बसली.

प्रवेश मिळाल्याचं कळलं आणि भगवानराव जीपमधून कॉलेजात आले. बरोबर निवृत्ती आणि आणखी काही माणसं. माणिक व्हरांड्यातून वर्गाकडं चालला होता.

"अवसरमोल! इकडं ये बे!"

माणिक थांबला, पण गेला नाही. भगवानरावांनाच पायऱ्या चढून यावं लागलं. नारायणराव खोलीतून बाहेर आले आणि तिथंच दाराला टेकून उभे राहिले.

"माह्या घरात जहर कालवलं तू. चिखलीवाल्याईनं सोयरीक मोडली. माहीत आहे काय तुले?"

"माहीत नव्हतं. आता झालं."

"तुह्या मायचं सारं आयुष्य माह्या वावरात गेलं. माह्या दान्यावर वाढला तू!"

"निंदून वाढलो," माणिक म्हणाला. "दाणे फुकट दिले असतील तर सांगा, वस्तीतल्या कुणालातरी आठवत असेल."

निवृत्तीनं पुढं होऊन त्याची गचांडी धरली. वर्गातली पोरं बाहेर आली होती. त्यांच्यातल्या काही जणांनी निवृत्तीला मागं ओढलं. सदऱ्याची गुंडी तुटून पायरीवर पडली. भगवानराव जाता जाता एवढंच म्हणाले, "तुले हात लावत नाई मी. हात विटाळाचा नाई मले. पन पाहूनच घेतो."

भगवानराव घरी गेल्यावर रुख्मिणीनं त्यांना सरळ सांगितलं की मुंबईला पाठवलं नाही तर दुसरं कुठलंही स्थळ ती करणार नाही, आणि जबरदस्ती केली तर मांडवात सगळ्यांसमोर नाही म्हणेल. तिच्या आईनं, शालूबाईनं, जन्मात पहिल्यांदा नवऱ्यासमोर दार लावून घेतलं आणि लेकीची ट्रंक भरली. चिखलीची गोष्ट गावभर झालीच होती. आता पोरीला घरात ठेवून लोकांच्या तोंडाला काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न भगवानरावांनाही पडला असावा. त्यांनी तिला जाऊ दिलं. पण शब्द पाळला. जानेफळात निरोप फिरला की अवसरमोलांच्या वस्तीतल्या कुणाला निंदणाला बोलवायचं नाही.

माणिक आईला मेहकरला आणायला गेला तेव्हा वस्तीतल्या बाया ओट्यांवर रिकाम्या बसल्या होत्या. कुणी त्याला 'ये' म्हटलं नाही.

"मी येत नाई," जनकाबाई म्हणाली. "ह्या साऱ्याईचं काम बसलं तुह्यापाई. मी तुह्या घरी जाऊन खुर्चीवर बसू?"

"माय, भगवानरावानं त्या दिवशी माझं काय केलं होतं ते तुला..."

"तुले भांडाचं व्हतं तं तुह्या तोंडानं भांडाचं व्हतं. त्या दिवशी निंबाखाली तुहं तोंड कुठं गेल्तं? आता पोट्टीले पुढं केलं तू. आन् भांडला तू मेहकरात, पोट बांधलं आमी इथं. तुह्या मायले, ह्या जनकीले, इचारलं व्हतं काय तू?"

तो शेवटच्या एस.टी.ची वाट न पाहता चालतच फाट्यावर आला. वस्तीचं काम तेव्हाच सुरू झालं जेव्हा बोंडं फुटून कापूस झाडावर लोंबायला लागला आणि वेचायला माणूस मिळेना. माफी कुणी मागितली नाही. गाडी वस्तीत आली आणि बाया चढून गेल्या. जनकाबाईही गेली.

मधली वर्षं सरली. रुख्मिणीला मुंबईत औषधांच्या कंपनीत नोकरी लागली. फिरतीची नाही मिळाली. माणसं नेमायच्या खात्यात, खुर्चीवरची. तरी अधिकाऱ्याची. आणि त्यानंतर भगवानराव बदलले, म्हणजे त्यांची गोष्ट बदलली. तोवर ते कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे उपाध्यक्ष झाले होते. दिवाळीनंतर त्यांनी कॉलेजच्या मैदानात मंडप घातला आणि लेकीचा सत्कार ठेवला. बरोबर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन.

"पोरगी असो का पोरगा, शिकवलं पाह्यजे," ते माइकवर म्हणाले. "चिखलीचं आलेलं स्थळ म्या परत धाडलं. लोक हसले मले. पन म्या म्हनलं, नाई, माही पोरगी मुंबईलेच जाईन!"

टाळ्या पडल्या. माणिक शिक्षकांच्या रांगेत बसला होता. नारायणराव त्याच्याकडं न बघता टाळ्या वाजवत होते.

मग रुख्मिणी उठली. साडी साधीच, पण बोलणं पार मुंबईचं झालेलं. तिनं बापाचे आभार मानले, आईचे मानले, कॉलेजचे मानले. अवसरमोल सरांचं नाव घेतलं नाही. पुढं तिनं अहमदाबाद, कलकत्ता, बंगलोर, मुंबई, कुठं काय शिकवतात, कुठून निघालेल्याला कशा जागा मिळतात ते सांगितलं. छान सांगितलं, पोरं माना पुढं काढून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "संस्था कुठलीही असो. अंगात मेहनत असेल तर नोकरी तुमच्या दारात चालत येते."

माणिक उभा राहिला. मंडपात माइक एकच होता, पण त्याचा आवाज वर्गात कमावलेला होता.

"एक विचारायचंय. तुमच्या वर्गात मेहनत करणारे सगळेच असतील. ज्यांच्या बापाकडं जिनिंग नव्हतं, ज्यांचं आडनाव ऐकून साहेब थबकले, त्यांच्या दारात काय चालत आलं ते या पोरांना सांगा."

रुख्मिणीचा चेहरा लाल झाला. तिनं बापाकडं पाहिलं, मग माणिककडं. तिला त्या क्षणी दोघांपैकी कुणाचाच राग कमी आला नसावा.

"लातूरकडचा एक होता," ती शेवटी म्हणाली. "माझ्यापेक्षा हुशार. परीक्षेआधी मला शिकवायचा. त्याला कुणी घेतलं नाही. आता टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवतो. अजून दोघं होते, त्यांचं मला माहीत नाही. आणि मला पण फिरतीची जागा नाकारली, मुलगी म्हणून. मेहनतीचं मी म्हणाले ते..." ती थांबली. "ते सत्काराचं बोलणं होतं."

मागच्या बाजूला कुणीतरी शिट्टी मारली. भगवानराव ओरडले, "माइक बंद करा! ह्या हरामखोराले कोनं बोलावलं इथं?" निवृत्ती रांगेतून वाट काढत निघाला, पोरं उभी राहिली, खुर्च्या कलंडल्या. सत्काराचा नारळ टेबलावरून गडगडत मंडपाबाहेर गेला. कुणीच कुणाला मारलं नाही, पण कार्यक्रम तिथंच मोडला.

फाटकापाशी रुख्मिणीनं माणिकला गाठलं. मुंबईची भाषा कुठच्या कुठं गेली होती.

"एवढ्यासाठीच शिकवलं व्हतं तुमी मले? साऱ्या गावापुढं उभी करून फेकाले?"

"तुमचं नि माझं तेवढंच ठरलं होतं."

"ते तवा ठरलं व्हतं. तवा मले जाचं व्हतं. आता माह्या आईले घरात राहाचं आहे त्या मानसासंगं. आबा मले मिरवतेत, तुमी मले आबाले फेकून मारता. तुमच्या दोघाईत मले काईच फरक दिसत नाई, सर."

"खोटं बोलत होता तुम्ही."

"हो. आन् तुमी खरं बोलले. म्हनून काय तुमी बरे झाले?"

ती वळली आणि समोरून जाणाऱ्या नांदुऱ्याच्या एस.टी.ला हात करून चढली. घरी जेवायलाही गेली नाही. सामान शालूबाईनं मागून पाठवलं. त्यानंतर ती मेहकरला आली तरी कॉलेजकडं फिरकली नाही.

माणिकला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फार बरं वाटलं, आणि मग वाटेनासं झालं. आपलं चुकलं असं त्याला तेव्हाही वाटलं नाही, नंतरही नाही. संस्थेनं त्याच्याकडून वरचे वर्ग काढून घेतले. तो खालच्या वर्गांना जमाखर्च शिकवत राहिला. भगवानराव रस्त्यात दिसले तर दोघंही रस्ता न बदलता, मान न वळवता जवळून जायचे. पुढं कुणी मुलानं येऊन विचारलं की सर, कुठल्या संस्थेत जाऊ, तर तो रुख्मिणीला सांगितलं होतं तेच सांगायचा, तितक्याच कडू तोंडानं. काही पोरं घाबरून परत जायची. काही चिडून अर्ज भरायची, आणि त्यात जानेफळच्या वस्तीतलीही होती. त्यांना तो सुट्टीत घरी बोलावून घ्यायचा आणि साहेबांसारखे प्रश्न विचारून रडकुंडीला आणायचा.

हातपाय थकल्यावर जनकाबाई अखेर मेहकरला आली. एकदा जेवताना तिनं विचारलं, "त्या पोट्टीचं काय झालं रे? भगवानरावाच्या?"

"मुंबईत आहे. मोठी साहेब झाली म्हणतात."

"तुह्यासंगं बोलते काय?"

"नाही."

"बेस करते," जनकाबाई म्हणाली.